आरे-वारेला दोन रूम्स काढल्या तर?

रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवी करत गणपतीपुळ्याकडे निघालात की आरे-वारेच्या घाटीत गाडी आपोआप कडेला लागते. खाली सुरूचं बन, त्यापलीकडे पाठीला पाठ लावून बसल्यासारखे दोन लांबलचक किनारे. फोटो होतात, रील होतं आणि ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, "यार, इथे आपला एखादा होम-स्टे पाहिजे. दोन रूम्स काढायच्या, ऑनलाइन टाकायच्या आणि घरबसल्या पैसे मोजायचे!"

कल्पना वाईट नाही. या वाक्यातला घोळ फक्त 'घरबसल्या' या एका शब्दात आहे.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक सध्या भाडं देणाऱ्यांच्या बाजूला आहात. पुण्यात कॉटबेसिसवर, मुंबईत चौघांत एक रूम, नाहीतर रत्नागिरीतच कुणाच्या तरी माडीवर. भाडं देताना प्रत्येकाला वाटतंच की मालकाची काय मजा आहे. तुमच्यातल्या काहींचं कोकणात आजोबांचं घर असेल, वर्षातले अकरा महिने कुलूपबंद. काहींना नोकरी लागल्यावर कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यातून हप्ता फेडायचा असेल. दोघांसाठीही गणित एकच आहे. भाड्याचं उत्पन्न ही मिळकत असते तशीच ती मेहनतही असते. ती मेहनत कोण करणार आणि तिचा मोबदला कुणाला मिळणार, हे आधी ठरवलं तर भाडं पुरतं. नाही ठरवलं तर घरात भांडण येतं. म्हणून आरे-वारेचंच उदाहरण धरून एकेक प्रश्न बघू.

आधी सातबारा, मग समुद्र

पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, हे घर नक्की कुणाचं?

"आमचंच आहे की" हे उत्तर कोकणात पुरत नाही. सातबारा काढून बघा. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर तुमच्या पणजोबांचं नाव असेल, त्यांच्या भावांचं असेल, मग त्यांच्या वारसांची माळ. वीस-पंचवीस नावं हा कोकणात चमत्कार समजला जात नाही. त्यातले निम्मे मुंबईत, दोघे बडोद्याला, एक कॅनडात. ही सगळी मंडळी सहहिस्सेदार. तुमच्या वडिलांनी तीस वर्षं घराची कौलं परतली, घरपट्टी भरली, म्हणून घर त्यांच्या एकट्याचं होत नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, ज्याला गावात 'असेसमेंटचा उतारा' म्हणतात, तोही मालकीचा पुरावा नाही. घरपट्टी कुणाच्या नावे आकारली जाते एवढंच तो सांगतो. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचायचा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कुणाचा वहिवाटीचा हक्क, सगळं तिथे लपलेलं असतं.

मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच मिळतो हे स्पष्ट केलं. म्हणजे 'आत्याने तर कधीच काही मागितलं नाही' हे वाक्य घरात कितीही प्रेमाने म्हटलं जात असलं, तरी आत्याची लेखी संमती लागणारच.

मग करायचं काय? सगळ्यांची वाटणी होईपर्यंत थांबायचं तर तुमची नातवंडं होम-स्टे काढतील. व्यवहारातला मार्ग असा, की कोण पैसे घालणार, कोण घर चालवणार, उरलेल्या पैशातला किती वाटा कुणाला आणि गणपतीत घर कुणासाठी मोकळं राहणार, हे सगळ्या हिस्सेदारांनी मिळून लिहून काढायचं आणि वकिलाकडून त्याचा रीतसर करार करून घ्यायचा. पहिला पाहुणा येण्याआधी हे जितक्या गोडीत होतं, तितकं पहिला लाख रुपये आल्यावर होत नाही.

भरतीरेषेपासून किती लांब?

दुसरा प्रश्न, घर आहे तिथे नवीन काही बांधता येईल का? किनाऱ्यालगतच्या बांधकामावर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम असतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्ती असेल तर २०० मीटर पट्ट्यात नवीन बांधकामाला मनाई असते. दाट म्हणजे किती, तर २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं. आपल्या सर्व्हे नंबरवर भरतीरेषा कुठून जाते हे किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशात बघायचं असतं. दलालाने हात करून दाखवलेली 'ती बघा, त्या माडापर्यंत' ही रेषा चालत नाही.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे याच अधिसूचनेत स्थानिक रहिवाशांना, मच्छीमारांसकट, असलेल्या घराचं जोतं, आराखडा आणि दर्शनी रूप न बदलता होम-स्टे चालवण्याची वाट ठेवलेली आहे. थोडक्यात, आजीच्या जांभ्याच्या घरातली माजघरालगतची खोली नीट करून पाहुण्याला देण्याची कल्पना कायद्याला जास्त जवळची आहे. सुरूच्या बनाला लागून तीन मजली सिमेंटचा ठोकळा उभारणं तितकं जवळचं नाही.

नियम कागदावरच राहतात असं वाटत असेल तर अलिबागजवळचं किहीम आठवा. नीरव मोदीचा समुद्राकाठचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. ज्याच्याकडे वकिलांची फौज होती त्याचं हे झालं. बांधकाम पाडलं जातं तेव्हा कर्जाचा हप्ता काही पाडला जात नाही, तो चालूच राहतो.

सुटीच्या दिवसांचा हिशेब

आता पैशांकडे येऊ. समजा, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. एका रात्रीचे २,००० रुपये. मनातल्या मनात सगळे जण जे गणित करतात ते असं: दोन खोल्या, ३६५ रात्री, ७३० गुणिले २,०००, वर्षाला १४ लाख ६० हजार! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

खरं गणित कॅलेंडर समोर घेऊन करायचं. आरे-वारेला माणूस कधी येतो? दिवाळीची सुटी, नाताळ ते नवं वर्ष, मे महिना, लाँग वीकेंड, गणपतीपुळ्याला अंगारकीची गर्दी झाली तर थोडे इकडे सांडतात. जून ते सप्टेंबर कोकण हिरवंगार असतं पण समुद्र खवळलेला. आणि ऐन गणेशोत्सवात, जेव्हा अख्खं कोकण गजबजतं, तेव्हा तुमच्या खोल्यांत तुमचेच काका-काकू आणि अकरा चुलत भावंडं झोपलेली असणार. त्यांच्याकडून भाडं कोण मागणार?

म्हणून प्रत्येक खोली वर्षात ११० रात्री भरली असं धरू. उदाहरणापुरते सगळे आकडे आपण धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घालून बघायचे. दोन खोल्यांच्या मिळून २२० रात्री, म्हणजे ४ लाख ४० हजार रुपये जमा. आता वजाबाकी:

अर्धी बुकिंग ॲपवरून आली आणि त्यांनी १५ टक्के कमिशन घेतलं, तर ३३,०००.
चादरी धुणं, साफसफाई, साबण-बिबण, रात्रीला २५० प्रमाणे ५५,०००.
वीज आणि इंटरनेट ४०,०००.
घर सांभाळणाऱ्या माणसाला महिना ८,००० प्रमाणे ९६,०००.
रंग, कौलं, पंप, नळ, बिघडलेला गीझर, सगळं मिळून ६०,०००.
एप्रिल-मेचे पाण्याचे टँकर १५,०००.

एकूण खर्च २ लाख ९९ हजार. हातात उरले १ लाख ४१ हजार. दोन संडास-बाथरूम बांधणं, पलंग, गाद्या, एसी, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर यांवर सुरुवातीला ८ लाख घातले असतील तर ते वसूल व्हायला पावणेसहा वर्षांच्या आसपास लागतील. हेही वाईट नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा जमीन आणि घर फुकटात धरलंय. तीच जागा विकत घेऊन केलं असतं तर चित्र कधीच बदललं असतं.

आता एक वाईट वर्ष धरा. पाहुणे निम्मे झाले, ११० रात्रीच भरल्या. जमा २ लाख २० हजार. कमिशन आणि धुणं निम्मं झालं, वीज ३० हजारांवर आली, टँकर १० हजारांवर. पण घर सांभाळणाऱ्याचा पगार तेवढाच आणि कौलंही तितकीच फुटली. खर्च २ लाख ४० हजार. म्हणजे धंदा निम्मा झाला तेव्हा नफा निम्मा झाला नाही. तो संपला आणि वर खिशातले २० हजार गेले. भाड्याच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे. दार बंद असलं तरी घर खर्च करतच असतं. त्यामुळे किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय बोर्ड लावायचा नाही.

काकूंचा पगार धरलात का?

वरच्या यादीतला ९६ हजारांचा आकडा पाहून तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल, "हा वाचवता येईल. गावाला काकू आहेतच की."

इथे जरा थांबा. पाहुणे रात्री साडेअकराला येतात, कारण मुंबई-गोवा महामार्गावर कुठेतरी अडकलेले असतात. त्यांना तेव्हा गरम जेवण हवं असतं. सकाळी सातला चहा, नऊला घावणे, दुपारी कुणाला सुरमई तर कुणाला कांदा-लसूण नको. मधल्या वेळात दोन बाथरूम धुवायची, चादरी वाळत घालायच्या, आणि पावसाळ्यात त्या दोन दिवस वाळत नाहीत. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे हे तुम्हाला माहीत आहे. ॲपवरच्या पाहुण्याला नाही. तो फक्त चार तारे देऊन जातो.

कोकणातले कितीतरी घरगुती होम-स्टे फायद्यात दिसतात याचं एक कारण हे असू शकतं, की त्यांत एका बाईची मजुरी मोजलेलीच नाही. ती मोजली की दोन गोष्टी होतात. एक, धंदा खरोखर चालतो की नाही ते कळतं. दोन, मुंबईतल्या हिस्सेदारांना 'नफ्यातला वाटा' मागण्याआधी कुणाचा पगार द्यायचा आहे हे कळतं. काकूंना दर महिन्याला त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात ठरलेली रक्कम, वर्षातून ठरलेली सुटी आणि गर्दीच्या दिवसांत मदतीला आणखी एक माणूस, एवढं लिहून ठेवलंत तर अर्धी भांडणं जन्मालाच येणार नाहीत.

किंवा उलटं करा. धंदा काकूंच्याच नावावर काढा. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात महिलांनी चालवलेल्या पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपयांपर्यंत परत मिळण्याची सोय आहे. नीट वाचा, व्याजाचा परतावा आहे. मुद्दल फेडायचंच असतं. आणि नावापुरती बाई पुढे करून धंदा दुसऱ्याने चालवायचा, असा तो मामला नाही.

पाऊस नावाचा भागीदार

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, आणि तोच तुमचा ऐन सीझन. शहरातला पाहुणा शॉवरखाली वीस मिनिटं उभा राहतो. शेजारच्या वाडीत त्याच वेळी बायका हंडे घेऊन उभ्या असतात. तेव्हा खोल्या किती काढायच्या हे जागेवर ठरवू नका, मे महिन्यातल्या विहिरीवर ठरवा. पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी आधी, एसी नंतर.

खारं वारं लोखंड खातं. खिडकीचे गज, गेट, एसीचा बाहेरचा डबा, सगळं पुण्यापेक्षा लवकर गंजतं. दुरुस्तीचा आकडा पुण्याच्या अंदाजाने काढलात तर दुसऱ्याच वर्षी तोंडघशी पडाल. वादळांचंही तसंच. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडात घरांची छपरं आणि वर्षानुवर्षं जपलेल्या बागा गेल्या. वर्षही न सरता, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' याच किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा कोरोनामुळे पर्यटन आधीच बसलेलं होतं. घराचा विमा घ्या आणि घेताना 'घरात पाहुणे ठेवतो' हे स्पष्ट सांगा. ते लपवलंत तर नेमक्या गरजेच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते.

आणि समुद्र. आरे-वारेचा किनारा दिसतो शांत, पण पावसाळ्यात तो पोहण्याचा नाही. जुलै २०२५ मध्ये इथे एकाच वेळी चार जण बुडाले. पाहुण्याला किल्ली देताना भरतीची वेळ आणि कुठे उतरायचं नाही हे तोंडाने सांगणं, खोलीत मोठ्या अक्षरांत लिहून लावणं, जवळच्या दवाखान्याचा आणि पोलिसांचा नंबर देणं, हे घरमालकाचं काम आहे. 'आम्ही फक्त रूम देतो' असं म्हणून ते टाळता येत नाही.

रोजचं भाडं की महिन्याचं?

याच रस्त्यावर थोडं मागे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. रत्नागिरीत इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत, सरकारी मेडिकल कॉलेज आलंय. पलीकडे जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे. या सगळ्या ठिकाणच्या मुलांना आणि नोकरदारांना वर्षभर राहायला खोल्या लागतात. त्यांना समुद्र दिसला नाही तरी चालतो. बस, पाणी आणि वाय-फाय पाहिजे.

महिन्याच्या भाड्यात एका रात्रीचा भाव मिळत नाही, पण चादरीही धुवाव्या लागत नाहीत. इथे चूक होते ती कागदांत. 'अकरा महिन्यांचा करार, पाचशेच्या स्टँपवर, नोटरी केला की झालं' हे तुम्ही भाडेकरू म्हणून ऐकलं असेलच. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सवलत आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदलेला करार नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे आज भाडेकरू म्हणून आणि उद्या मालक म्हणून, दोन्ही वेळा हा कागद तुमच्या कामाचा आहे.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं, त्यात अनामत रकमेवरचं थोडं व्याज धरतात. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. आठ हजारांच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार असेल तर मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आसपास बसतं. सगळं ऑनलाइन होतं.

आता फ्लॅट घेऊन भाड्याने देण्याचं स्वप्न तपासू. समजा ४० लाखांचा फ्लॅट, भाडं १० हजार. वर्षाचे १ लाख २० हजार, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. एक महिना रिकामा गेला, १० हजार वजा. सोसायटीचा मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ४ हजार, रंग-दुरुस्ती ८ हजार. उरले ८० हजार, म्हणजे २ टक्के. ३० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं असेल तर हप्ता महिना २७ हजारांच्या जवळ. 'भाड्यातून हप्ता फिटतो' असं सांगणाऱ्याला हे दोन आकडे, १० आणि २७, कागदावर लिहून दाखवा. उरलेले १७ हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार. पुढे किंमत वाढेल ही आशा असू शकते, पण आशेवर बँक हप्ता माफ करत नाही.

सीझन नसताना खोल्या महिन्याने आणि सीझनमध्ये रात्रीने द्यायचा मोहही होईल. पण परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाला मे महिन्यात 'खोली खाली कर' सांगायचं का, हे तुम्ही स्वतःच भाडेकरू म्हणून ठरवा. हा प्रश्न जगभर पेटलाय. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामाच्या घरांना नोंदणी सक्तीची केली आणि यजमानाने त्या घरात राहण्याची अट घातली. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ च्या अखेरीपर्यंत शहरातले दहा हजारांवर पर्यटक फ्लॅटचे परवाने संपवायचे, कारण तिथल्या लोकांनाच राहायला घर परवडेना. रत्नागिरीत ती वेळ आलेली नाही. पण किनाऱ्यालगतच्या गावात प्रत्येक खोली रात्रीने जायला लागली तर शाळेतल्या नव्या शिक्षिकेला आणि कॉलेजच्या पोरांना खोली कोण देणार, हा विचार गावाने करायला हवाच.

जाहिरातीतला 'खात्रीशीर परतावा'

'सी-व्ह्यू बंगलो प्लॉट, बांधून देऊ, भाड्याची हमी, तुम्ही फक्त पैसे घाला.' अशी जाहिरात दिसली की चार प्रश्न विचारायचे. जमीन बिनशेती आहे का? कारण १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. महारेराचा नंबर आहे का? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या योजनेला तो लागतो. हमी कोण देतंय, किती वर्षांची, आणि पाहुणेच आले नाहीत तर ते पैसे कुठून आणणार? काही वेळा प्लॉटची किंमत आधीच फुगवलेली असते आणि 'भाडं' म्हणून तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत येत असतात. चौथा प्रश्न, 'सागरी महामार्ग येतोय, भाव दुप्पट होणार' यावर किंमत ठरलीय का? मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. पुढचं तुम्ही गाडीत बसून अनुभवलेलंच आहे.

बोर्ड लावण्याआधी

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. पर्यटन संचालनालयाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी. मालक तिथेच राहतो आणि आपल्या घरातल्या मोकळ्या खोल्या पाहुण्यांना देतो, ही तिची मूळ कल्पना. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी. वीजमीटर घरगुती चालेल की व्यावसायिक लागेल, हे महावितरणला लेखी विचारा. पाहुण्यांच्या ओळखपत्राची नोंदवही ठेवा आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये भरून कळवा. महिन्याच्या भाड्यावर आयकरात घरपट्टी वजा करून वर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवणखाण आणि सेवा देणारा होम-स्टे मात्र बहुधा व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो, तेव्हा सीएला विचारा. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणी आलीच.

यादी लांब वाटतेय? 'घर पाहावं बांधून' असं जुनी माणसं उगाच म्हणत नव्हती. भाड्याने देऊन पाहणं त्याच्याच पुढची पायरी आहे.

तरीही करावंसं वाटत असेल तर यातलं बरंचसं काम कॉलेजात असतानाच होण्यासारखं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. येत्या सुटीत घराचा सातबारा काढा आणि त्यावरच्या प्रत्येक नावापुढे तो माणूस आज कुठे आहे ते लिहा. मे महिन्यात विहिरीचं पाणी मोजा. आरे, वारे, नेवरे, मालगुंड, जिथे ओळख निघेल तिथे होम-स्टे चालवणाऱ्या एखाद्या घरी दोन दिवस राहून हाताखाली काम करा, बाथरूम धुण्यापासून. आणि गणपतीत सगळी भावकी एकत्र येईल तेव्हा, आरती झाल्यावर, पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी, हिशेबाचा कागद मध्ये ठेवा. पहिली ओळ काकूंच्या पगाराची असू द्या.